सिंहस्थाचे पाणी, पाऊस आणि गर्दी : कोणता धोका आधी हाताळायचा?

नाशिक, प्रतिनिधी

सिंहस्थ कुंभमेळ्याची चर्चा नाशिकमध्ये सुरू झाली, की ती प्रथम रस्त्यांवर, मग पुलांवर आणि अखेर निधीच्या आकड्यांवर येऊन स्थिरावते. पंचांगाकडे पाहून नियोजन करणाऱ्या या शहरात त्याच पंचांगातील धोके मात्र क्वचितच वाचले जातात. साधू-महंतांच्या उपस्थितीत जून २०२५ मध्ये जाहीर झालेल्या कार्यक्रमानुसार ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ रोजी पहिले अमृत स्नान, ३१ ऑगस्टला दुसरे आणि ११ सप्टेंबरला नाशिक व १२ सप्टेंबरला त्र्यंबकेश्वर येथे तिसरे स्नान, असा क्रम ठरला आहे. यातील प्रत्येक तारीख काही ना काही सांगते.

२ ऑगस्ट २०१६ रोजी गोदावरीला आलेल्या महापुराने रामकुंड परिसर पाण्याखाली नेला होता आणि सराफ बाजारातील दुकानांमध्ये पाणी शिरले होते. बरोबर अकरा वर्षांनी त्याच तारखेला लाखो भाविकांना त्याच घाटांवर उतरवायचे आहे. त्या दिवशी सोमवती अमावास्या आहे. शिवाय त्याच दिवशी सूर्यग्रहण असून भारताच्या पश्चिम भागातून ते दुपारनंतर खंडग्रास दिसण्याची अपेक्षा आहे. ग्रहण सुटल्यावर स्नान करण्याची परंपरा लक्षात घेता, सकाळी आखाड्यांचे स्नान आटोपल्यावर ओसरू लागणारी गर्दी त्या दिवशी सायंकाळी पुन्हा घाटाकडे वळण्याचा संभव आहे. एकाच दिवशी दोन लाटा, तीही ऐन पावसाळ्यात, असा हा योग आहे.

पुढेही फारशी उसंत नाही. श्रावणातील तिसऱ्या सोमवारी, म्हणजे २३ ऑगस्टला, ब्रह्मगिरीच्या फेरीसाठी त्र्यंबकेश्वरी दरवर्षीच प्रचंड गर्दी उसळते. चौथा सोमवार ३० ऑगस्टला, म्हणजे दुसऱ्या स्नानाच्या आदल्या दिवशी आहे. ४ सप्टेंबरला गणेश चतुर्थी असल्याने तिसरे स्नान गणेशोत्सवात येते; सात दिवसांच्या गणपतींचे विसर्जन आणि स्नानाची पूर्वतयारी एकाच नदीकाठी, एकाच पोलिस बळावर पार पाडावी लागणार आहे.

प्रयागचे प्रारूप नाशिकला का चालत नाही

प्रयागचा कुंभ हिवाळ्यात भरतो. गंगेचे पात्र आटलेले असते आणि विस्तीर्ण वाळवंटावर तंबूंचे नवे नगर उभारता येते. उज्जैनचा मेळा वैशाखातील, हरिद्वारचा साधारणतः उन्हाळ्याच्या तोंडावरचा. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ तेवढा श्रावण-भाद्रपदातील. येथे नदी उगमापासून जेमतेम तीस किलोमीटर अंतरावर आहे, तिचे पात्र अरुंद आहे आणि दोन्ही बाजूंना जुन्या नाशिकच्या व पंचवटीच्या गल्ल्या थेट घाटापर्यंत उतरतात. त्र्यंबकेश्वरात तर प्रकार आणखी वेगळा आहे. स्नान होते ते कुशावर्त या दगडी बांधणीच्या कुंडात. त्यामुळे प्रयागमध्ये अमुक केले म्हणून नाशिकमध्येही तेच करू, हे म्हणणे ऐकायला सोपे असले तरी जमिनीवर टिकणारे नाही.

धोके मोजायचे झाल्यास ते चार आहेत : चेंगराचेंगरी, पूर, दूषित पाणी आणि साथरोग. अडचण अशी, की एका धोक्यावरचा उपाय दुसऱ्या धोक्यात भर घालू शकतो. घाट वाढविण्यासाठी पात्रात काँक्रीट ओतले, की गर्दी विभागते. पण पुराचे पाणी तुंबते आणि नदीचे झरे बुजतात. धरणातून पाणी सोडले, की घाट स्वच्छ दिसतो. पण त्याच वेळी वरून पाऊस कोसळला तर पातळी हाताबाहेर जाते. बंदोबस्त कडक केला, की रेटारेटी टळते. पण वृद्ध भाविकांची पायपीट वाढते आणि वैद्यकीय केंद्रांवरील ताणही.

२००३ आणि २०१५ : दोन टोके

२७ ऑगस्ट २००३ हा दिवस नाशिककर विसरलेले नाहीत. शाही स्नानाच्या पर्वणीवर रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद मार्गावर झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचा मृत्यू झाला, शंभराहून अधिक जखमी झाले. सरदार चौक परिसरातील उताराची गल्ली, रोखून धरलेला जनसमुदाय आणि मिरवणुकीतून उधळलेली नाणी वेचण्यासाठी उडालेली झुंबड, ही कारणे त्या वेळी पुढे आली. चौकशीसाठी रमणी आयोग नेमण्यात आला. नाण्यांची चर्चा फार झाली, उताराची कमी. वास्तविक नाणी हे निमित्त होते. उतारावर, दोन्ही बाजूंनी बंदिस्त मार्गात, पुढे जाण्यास वाव नसताना मागून लोंढा येत राहिला, की कोणतेही निमित्त पुरते. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहा माणसे दाटली, की माणूस स्वतःच्या पायांनी चालत नाही, गर्दी त्याला वाहून नेते. जगभरातील दुर्घटनांच्या अभ्यासातून हे स्पष्ट झाले आहे.

बारा वर्षांनी, २०१५ मध्ये, प्रशासन दुसऱ्या टोकाला गेले. २९ ऑगस्टच्या पहिल्या पर्वणीला शहराच्या सीमेवरच वाहने रोखण्यात आली, ठिकठिकाणी अडथळे उभारण्यात आले, भाविकांना मैलोन् मैल चालावे लागले. घाटांवर अपेक्षेपेक्षा खूपच कमी गर्दी दिसली आणि पोलिसांच्या अतिरेकी बंदोबस्तावर व्यापाऱ्यांपासून साधूंपर्यंत सर्वांनी टीका केली. १३ सप्टेंबरच्या दुसऱ्या पर्वणीला निर्बंध सैल करण्यात आले. तो सिंहस्थ चेंगराचेंगरीविना पार पडला, हे मात्र विसरता कामा नये. टीका करणे सोपे असते. जे घडले नाही त्याचे श्रेय कोणी कोणाला देत नाही.

२९ जानेवारी २०२५ रोजी प्रयागराज येथे, अफाट मोकळी जागा आणि अत्याधुनिक कॅमेरे उपलब्ध असतानाही, संगमाच्या टोकाजवळ झालेल्या चेंगराचेंगरीत अधिकृत आकडेवारीनुसार ३० जणांचा बळी गेला. जागा भरपूर होती, पण प्रत्येकाला एकाच ठिकाणी स्नान करायचे होते. नाशिकमध्ये हे ठिकाण रामकुंड आहे. तपोवन, दसक-पंचक येथपर्यंत घाट बांधले तरी भाविकाचे पाऊल रामकुंडाकडेच वळते, कारण पुण्य तेथे आहे अशी त्याची श्रद्धा आहे. घाटांची लांबी वाढविणे हा एक पर्याय झाला. लोकांनी त्या घाटांवर थांबावे, यासाठी आखाडे, पुरोहित संघ आणि गावोगावच्या कीर्तनकारांकडून ‘गोदावरी सर्वत्र पवित्र आहे’ असे महिनोन् महिने सांगितले जाणे, हा दुसरा. पहिल्याला कोट्यवधी रुपये लागतात, दुसऱ्याला जवळपास काहीच नाही. तरीही आराखड्यांमध्ये पहिलाच ठळक अक्षरांत असतो.

मोजणीच्या साधनांबाबत नाशिकचा पूर्वानुभव वाईट नाही. २०१५ च्या सिंहस्थात कुंभथॉन उपक्रमातून स्थानिक तरुणांनी अनेक प्रयोग केले. पायांच्या दाबावरून माणसे मोजणारी चटई ही त्यातलीच. आता ड्रोन आणि संगणकीय विश्लेषण आले आहे. मात्र प्रयागचा अनुभव सांगतो, की गर्दी दाटल्याचे पडद्यावर दिसणे आणि ती वळविण्याचा आदेश देणारा अधिकारी जागेवर असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पाणी वाहते, पण कोणते?

गोदावरीच्या पाण्याचा प्रश्न सिंहस्थापुरता नाही. नदीच्या प्रदूषणाविरोधात २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली आणि त्यानंतर ‘नीरी’ या संस्थेचे मार्गदर्शन, विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील समिती, घाटांवर कपडे-वाहने धुण्यास बंदी आणि पोलिसांची गस्त, अशी मालिका सुरू झाली. गस्तीने निर्माल्य आणि साबण कमी झाला असेल. परंतु नदीत मिसळणारे मैलापाणी काठीने रोखता येत नाही.

स्नानयोग्य पाण्याचे निकष केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ठरविलेले आहेत. पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम असावा, जैविक प्राणवायू मागणी अर्थात बीओडी ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी आणि विष्ठेतील जिवाणूंचे प्रमाण १०० मिलिलिटरमागे ५०० असावे, कमाल मर्यादा २५००. सर्वसामान्य भाविकाच्या दृष्टीने यातील शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा, कारण तो स्नान करताना नुसती डुबकी मारत नाही, तीर्थ म्हणून ओंजळभर पाणी पितोही. प्रयागराजमध्ये फेब्रुवारी २०२५ मध्ये याच आकड्यावरून वाद झाला. मंडळाने राष्ट्रीय हरित लवादापुढे सादर केलेल्या अहवालात अनेक ठिकाणी पाणी निकषात बसत नसल्याचे नमूद केले आणि उत्तर प्रदेश सरकारने ते अमान्य केले. मेळा संपेपर्यंत वाद चालला; स्नान करणाऱ्यांना त्याचा उपयोग झाला नाही.

नाशिकसमोर या बाबतीत मुख्यतः तीन पर्याय आहेत.

पहिला धरणातून पाणी सोडण्याचा. शहराच्या वरच्या अंगाला असलेल्या गंगापूर धरणातून पर्वणीच्या दिवशी विसर्ग सोडला, की घाण पुढे वाहून जाते. २०१५ मध्ये दुष्काळी स्थिती असताना स्नानासाठी पाणी सोडण्याचा निर्णय उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि न्यायालयाने पिण्याच्या पाण्याच्या अग्रक्रमावर बोट ठेवत शासनाला खडसावले. हे पाणी पूर्णपणे वाया जाते असे मात्र म्हणता येणार नाही. ते नांदूरमध्यमेश्वरमार्गे जायकवाडीकडेच जाते, आणि मराठवाड्याच्या हक्काच्या पाण्यात त्याचा हिशेब धरता येतो. तरीही हा उपाय विरळ करण्याचा आहे, स्वच्छ करण्याचा नव्हे. नाशिकची घाण खालच्या गावांच्या पदरात टाकून घाट चकाचक करणे, याला नियोजन म्हणणे कठीण आहे.

दुसरा पर्याय मलनिस्सारण प्रकल्पांचा. तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक, गंगापूर आणि पिंपळगाव खांब येथे महापालिकेचे प्रकल्प आहेत. जुन्या प्रकल्पांची रचना प्रक्रियेनंतर बीओडी ३० पर्यंत ठेवण्याच्या निकषावर झाली होती. नंतरचा निकष १० चा आहे. हे अद्ययावतीकरण निःसंशय आवश्यक आहे. परंतु प्रकल्प कितीही आधुनिक असला तरी त्याच्यापर्यंत जे पाणी पोहोचतच नाही, त्यावर तो प्रक्रिया करू शकत नाही. खरी गळती नंदिनी अर्थात नासर्डी, वाघाडी आणि वालदेवी या उपनद्यांतून आणि पावसाळी गटारांत जोडलेल्या चोरट्या जोडण्यांतून होते. पावसाळ्यात ही गटारे भरून वाहतात, मैलापाणी व पावसाचे पाणी एक होते आणि नेमक्या सिंहस्थाच्या महिन्यांत प्रकल्पांना वळसा घालून ते नदीत येते. नव्या प्रकल्पाचे भूमिपूजन होते. गल्लीतील जोडणी शोधून ती तोडण्याचे भूमिपूजन होत नाही. या कामाला बातमीमूल्यही नाही. तरीही आरोग्याच्या दृष्टीने रुपयामागे सर्वाधिक लाभ त्यातच आहे.

तिसरा पर्याय नदीपात्रातील काँक्रीट काढून जुनी कुंडे व झरे मोकळे करण्याचा. २००३ च्या सिंहस्थाच्या तयारीत पात्रात तळ-काँक्रिटीकरण झाले आणि कुंडांचे नैसर्गिक स्रोत बुजले, अशी गोदाप्रेमींची तक्रार आहे. त्यासाठी त्यांनी न्यायालयीन लढाही दिला. झरे मोकळे झाले तर धरणाच्या विसर्गावरील अवलंबित्व काही अंशी घटेल, हे म्हणणे पटणारे आहे. मात्र घाईगर्दीत, स्नानाला काही महिने उरले असताना तळ उकरला तर घसरडे, खोल-उथळ पात्र हा नवाच धोका उभा राहील. हे काम पर्वण्यांनंतरच्या काळासाठी मंजूर करून ठेवणे अधिक शहाणपणाचे.

कुशावर्ताचा मामला वेगळा. साठलेल्या पाण्यात एका दिवसात लाखोंचे स्नान होते. तेथे सतत गाळणे, निर्जंतुकीकरण आणि तासातासाला तपासणी याला पर्याय नाही. आणि तपासणीचा निकाल कुंडाशेजारील फलकावर लावण्यासही हरकत नसावी.

साथ आली तर

कुंभ आणि कॉलरा यांचे नाते जुने आहे. १८६७ च्या हरिद्वार कुंभातून परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर साथ उत्तर भारतभर पसरली होती. पंढरपूरच्या वारीत एकेकाळी कॉलऱ्याची लस टोचून घ्यावी लागत असे, हे जुन्या पिढीला आठवत असेल. लसीपेक्षा शुद्ध पाण्याचा आणि शौचालयांचा उपयोग अधिक, हे नंतर सर्वत्र मान्य झाले. टँकर असो वा नळ, पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम अवशिष्ट क्लोरिन असणे, ही साधी अट पाळली गेली तर अतिसाराचा बहुतांश धोका टळतो. ही तपासणी करण्यास महागडी प्रयोगशाळा लागत नाही. प्रशिक्षित आरोग्यसेवक आणि छोटा संच पुरतो.

२०१५ मध्ये नाशिकच्या वैद्यकीय केंद्रांवर येणाऱ्या रुग्णांची लक्षणे टॅबलेटवर नोंदवून साथीचा माग काढण्याचा प्रयोग झाला होता. एखाद्या विभागात जुलाबाचे रुग्ण अचानक वाढले, तर तेथील पाण्याचा स्रोत त्याच दिवशी बंद करता येतो, एवढे त्याचे महत्त्व. हा प्रयोग न राहता नियम व्हायला हवा. सिंहस्थाचा काळ हाच डेंग्यू आणि लेप्टोस्पायरोसिसचाही काळ आहे; साधुग्राममधील डबकी आणि कचरा यांचा हिशेब त्यात धरावा लागेल.

रुग्णालयांबाबत दोन मते आहेत. तात्पुरती मोठी रुग्णालये उभारावीत, असे एक. असलेली जिल्हा व महापालिका रुग्णालये भक्कम करून घाटांजवळ छोटी केंद्रे द्यावीत, असे दुसरे. २१ एप्रिल २०२१ रोजी महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला आणि किमान २२ रुग्ण दगावले. तेथे खाटांचा नव्हे, तर एकाच टाकीवर सारे विसंबून असण्याचा प्रश्न होता. हा अनुभव दुसऱ्या मताच्या बाजूने जातो. पर्यायी वीज, पर्यायी प्राणवायू आणि रुग्णवाहिकेसाठी राखीव, कोणत्याही मिरवणुकीसाठी न अडविला जाणारा मार्ग, या गोष्टी नव्या तंबूतील पाचशे खाटांपेक्षा अधिक जीव वाचवतील.

तपोवनातील झाडे

साधुग्रामसाठी तपोवनातील सुमारे १८०० झाडे तोडण्याच्या प्रस्तावावरून नोव्हेंबर २०२५ मध्ये शहरात मोठा विरोध उभा राहिला आणि प्रकरण हरित लवादापर्यंत पोहोचले. वाद भावनेचा म्हणून सोडून देण्याजोगा नाही. नदीकाठची झाडे पावसाचे पाणी मुरवतात, माती धरून ठेवतात आणि गर्दीला सावली देतात. जागा हवीच असेल तर ती विभागून, झाडांच्या मधून, किंवा शहराबाहेरील मोकळ्या जमिनीवर शोधता येते; त्यासाठी आखाड्यांची जागेबाबतची आग्रही भूमिका बदलावी लागेल आणि त्या वाटाघाटीला करवतीपेक्षा जास्त वेळ लागतो.

पूर आला तर स्नान थांबविणार कोण?

सर्वांत कमी बोलला जाणारा प्रश्न हाच आहे. नाशिककर पुराची पातळी दुतोंड्या मारुतीवरून मोजतात. पाणी कमरेला, छातीला, डोक्याला लागले यावरून शहराचा अंदाज बांधला जातो. २००८, २०१६ आणि २०१९ या वर्षांनी हा मारुती किती लवकर बुडू शकतो, ते दाखवून दिले. गंगापूरच्या वर काश्यपी व गौतमी-गोदावरी ही धरणे आहेत, त्यामुळे विसर्गावर काहीसे नियंत्रण राहते. परंतु धरणाखाली पडणारा पाऊस, आळंदी नदीतून आणि शहरातील नाल्यांतून येणारे पाणी कोणाच्या दरवाजांनी अडत नाही.

येथे तीन मार्ग संभवतात. धरणात ऑगस्टच्या प्रारंभी पुरेशी जागा मोकळी ठेवणे हा पहिला. गंगापूरची क्षमता सुमारे साडेपाच अब्ज घनफूट आहे आणि शहराचे वर्षभराचे पिणे त्यावर अवलंबून आहे. जागा मोकळी ठेवली आणि नंतर पाऊस रुसला तर नाशिककरांना उन्हाळ्यात टंचाईला तोंड द्यावे लागेल. धरण भरू देणे आणि हवामान अंदाजावर विसंबून विसर्ग करणे हा दुसरा. तो स्वस्त आहे, पण त्याची चूक थेट घाटावर उतरते. तिसरा मार्ग असा, की होळकर पुलाखालील विसर्ग ठरावीक आकड्यापुढे गेला तर रामकुंडावरील स्नान आपोआप थांबेल, साधूंचे स्नान प्रतीकात्मक होईल, भाविकांना उंचावरील ठिकाणी नदीच्या पाण्याचे फवारे वा नळ उपलब्ध होतील, हे आधीच लेखी ठरविणे आणि त्यावर तेराही आखाड्यांची संमती घेणे.

पहिल्या दोन मार्गांचा मेळ धरणसाठ्याकडे पाहून जुलैअखेरीस घालता येईल. तिसरा मात्र आयत्या वेळी जमणारा नाही. मुहूर्त टळतो आहे, मिरवणूक निघाली आहे, रस्त्यावर लाखो लोक आहेत आणि वरून पाऊस कोसळतो आहे, अशा क्षणी कोणताही अधिकारी स्वतःच्या जबाबदारीवर ‘थांबा’ म्हणण्यास धजावणार नाही. २०१५ मध्येही १८ सप्टेंबरच्या पर्वणीला मुसळधार पाऊस झाला होता. तेव्हा निभावून गेले. २०२५ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळ्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाची स्थापना झाली ती विविध खात्यांतील निर्णय एका ठिकाणी यावेत म्हणून. रस्त्यांच्या निविदा मंजूर करण्याइतकाच हा एक पानी निर्णयही त्याच्याच अखत्यारीतला आहे. त्यात विसर्गाचा आकडा, तो जाहीर करणाऱ्या अभियंत्याचे पद आणि स्नान थांबविणाऱ्या अधिकाऱ्याचे पद, एवढ्या तीनच गोष्टी असल्या तरी पुरे. ३१ ऑक्टोबरच्या ध्वजारोहणाला सर्व आखाड्यांचे प्रमुख रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरी एकत्र येणे अपेक्षित आहे. सह्या घेण्यासाठी त्याहून सोयीचा दिवस पुढे नाही.